कासवाच्या पाठीवर उंचवटे का येतात?

सुलकाटा हे आफ्रिकेतले जमिनीवरचे कासव. सहारा वाळवंटाच्या दक्षिण काठाने सेनेगलपासून इथिओपियापर्यंत गेलेला कोरड्या गवताळ प्रदेशाचा पट्टा हे त्याचे घर. आंबिवलीसारख्या ठिकाणी एखाद्या घरात त्याचे पिलू आले, की पाळणारा सरळ हिशेब करतो : वाळवंटातला प्राणी, त्याला कोरडी जागाच हवी. काचेच्या पेटीत वाळू पसरली जाते, वर दिवा लावला जातो. वर्षभरात पिलाच्या पाठीवर लहान लहान पिरॅमिड उभे राहतात. काहींना ती नक्षीच वाटते. आपल्याकडच्या तारका कासवाच्या पाठीवर थोडे उंचवटे निसर्गतःच असतात. सुलकाटाची पाठ मात्र मुळात गुळगुळीत असते. तिच्यावरचे उंचवटे म्हणजे वाढ बिघडल्याची खूण.

कवच कसे वाढते?

कासवाचे कवच ही घरावरची कौले नव्हेत, ते त्याच्या शरीराचाच भाग आहे. आत हाड असते. त्यावर फरशीसारखे जोडलेले जे तुकडे दिसतात त्यांना शल्के म्हणतात. शल्के आपल्या नखांसारखीच केराटिनची बनलेली असतात. कासव वाढते तेव्हा प्रत्येक शल्काच्या कडेला नवे वलय तयार होते. वाढ आडवी पसरली तर पाठ सपाट राहते. हवा कोरडी असेल तर जुने केराटिन सुकून कडक होते. मग नव्या वलयाला बाजूला सरकायला वाव मिळत नाही आणि ते वर-खाली वळते, अशी याची उपपत्ती दिली जाते.

पूर्वी या दोषाचे खापर अधिक प्रथिनांच्या आहारावर फोडत. ऑस्ट्रियातील वीझनर आणि इबेन या संशोधकांनी ५० सुलकाटा पिलांचे गट करून त्यांना वेगवेगळ्या आर्द्रतेत व वेगवेगळ्या प्रथिनांवर वाढवले. २००३ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की सुमारे २४ ते ५८ टक्के सापेक्ष आर्द्रतेत वाढलेल्या पिलांचे उंचवटे ४५ ते ९९ टक्के आर्द्रतेतल्या पिलांपेक्षा स्पष्टपणे मोठे होते. प्रथिनांचा परिणाम त्या मानाने किरकोळ ठरला.

मग वाळवंटाच्या काठी पिले कशी जगतात? ती दिवसाचा बराचसा वेळ उघड्यावर नसतातच. बिळात, गवताच्या मुळाशी, सावलीत दडून बसतात. आणि जमिनीखालची हवा वरच्या हवेपेक्षा कितीतरी दमट व थंड असते. हवामानखात्याचे आकडे त्या प्रदेशाचे असतात, बिळाचे नसतात. हिशेब चुकतो तो इथे.

आंबिवलीचे तीन ऋतू

आपल्याकडे प्रत्येक ऋतूत एकेका गोष्टीची उणीव पडते. पावसाळ्यात ओलावा मुबलक, पण दिवसचे दिवस ऊन नसते. उन्हातल्या अतिनील किरणांमुळे कासवाच्या त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते आणि त्यावाचून कॅल्शियम हाडांत जात नाही. कवच मऊ पडते. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन इथे कामाचे नाही, कारण काच हे किरण अडवते. म्हणून पावसाळ्यात अतिनील किरण देणारी खास नळी लावावी लागते. हिवाळ्यात रात्री गारवा येतो. ओलावा आणि थंडी एकत्र आली की नाक गळणे, नाकातून बुडबुडे येणे अशी श्वसनाची दुखणी होतात. तेव्हा पिलाच्या पेटीचे तापमान रात्रीही २६-२७ अंशांखाली जाऊ देऊ नये. फेब्रुवारी-मार्चमध्ये जमिनीवरून येणारे वारे दुपारची हवा कोरडी करतात, त्यात छताचा पंखा भर घालतो.

उपाय साधे आहेत. झाकण असलेली पेटी, तळाशी ओलसर ठेवलेला नारळाचा भुसा, एका टोकाला ३५ अंशांच्या आसपास ऊब, दुसरे टोक त्याहून थंड, आणि दडायला पालथे मडके. आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास असावी. रोज पाव तास कोमट पाण्यात बसवावे. पाणी हनुवटीच्या खालीच राहावे. उघडे ऊन देताना अर्धी जागा सावलीत हवी. काचेची पेटी उन्हात ठेवली तर पिलू काही मिनिटांत तापून मरू शकते.

खाणे म्हणजे गवत आणि पाला : हरळी, जास्वंदीची पाने व फुले, तुतीची पाने, काटे काढलेला फड्या निवडुंग. पोळी, भात, दूध नको. फळे टाळावीत. पालक वरचेवर देऊ नये. त्यातले ऑक्झॅलेट कॅल्शियमला अडकवून ठेवते. कॅल्शियमसाठी काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा समुद्रफेस चालतो.

आणण्यापूर्वी

हाताच्या तळव्यावर मावणारे हे पिलू मोठेपणी ४०-५० किलोंचे होऊ शकते, खोल बिळे खणते आणि अनेक दशके जगते. मग ते चाळीत किंवा इमारतीतल्या घरात मावत नाही आणि लोक ते नदीत सोडायला निघतात. हे जमिनीवरचे कासव आहे, त्याला पोहता येत नाही. उल्हास किंवा काळू नदीत सोडणे म्हणजे त्याला बुडवणेच.

कायद्याची बाजूही मुलांना सांगायला हवी. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली झालेल्या सुधारणेनंतर सुलकाटासारख्या परदेशी प्राण्याची शासनाकडे नोंद करणे बंधनकारक आहे. तारका कासव आणि आपल्या तळ्यांत, शेतांत आढळणारे गोड्या पाण्यातले कासव हे दोन्ही पहिल्या अनुसूचीत आहेत. ते घरी ठेवणे हा गुन्हा आहे. पावसाळ्यात असे कासव रस्त्यावर दिसले तर उचलून घरी आणू नये; जखमी असल्यास वनविभागाला कळवावे.

वर्गात करून पाहा

यासाठी कासवाची गरज नाही. सारखे दोन तापमापक घ्या. एकाच्या फुग्याभोवती मलमलीची ओली पट्टी गुंडाळा आणि तिचे टोक पाण्यात सोडा. दोघांच्या वाचनातला फरक जितका जास्त, तितकी हवा कोरडी. हवा ३० अंशांवर असताना फरक २ अंश असेल तर आर्द्रता सुमारे ८५ टक्के, ७ अंश असेल तर सुमारे ५५ टक्के. आधी वर्गात पंख्याखाली वाचन घ्या, मग ओलसर नारळाचा भुसा भरलेल्या झाकणाच्या खोक्यात घ्या. एकाच खोलीत दोन वेगळी हवामाने असू शकतात, हे मुलांना आकड्यांत दिसेल. सहाराच्या काठी पिलू ज्या बिळात वाढते, त्याचे ते खोके म्हणजे लहानसे प्रतिरूपच आहे.