रेष सरळ दिसते, पण सरळ आहे का? कटिंगआधी ड्रॉइंग कसं दुरुस्त करायचं



लेझर कटिंग, सीएनसी राउटर किंवा मॉड्युलर फर्निचरचं काम सुरू करायचं मनात असेल, तर हा लेख शेवटपर्यंत वाचा. गिऱ्हाईक ड्रॉइंग पाठवतं, आपण ते मशीनला देतो आणि शीट वाया गेली की वाद होतो तो आपल्याच काउंटरवर. "दादा, ड्रॉइंगमध्ये तर ६०० लिहिलं होतं!" लिहिलं असेलही. पण मशीन लिहिलेला आकडा वाचत नाही, ते रेषेवरून चालतं. रेष ५९८ ची असेल तर तुकडा ५९८ चाच निघणार.

रेषा चुकतात कशामुळे?

कारणं साधी असतात. ऑब्जेक्ट स्नॅप बंद ठेवून नुसत्या नजरेने टोक जुळवलेलं असतं. स्कॅन केलेल्या कागदावरून रेषा गिरवलेल्या असतात. पीडीएफवरून ड्रॉइंग बनवलेलं असतं. किंवा रेष न बदलता मापाचा फक्त आकडा बदललेला असतो. स्क्रीनवर हे काहीच कळत नाही. म्हणून डोळ्यावर नाही, आकड्यावर विश्वास ठेवायचा.

मी ऑटोकॅडमधल्या कमांडची नावं देतोय. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नावं वेगळी असतील, पण तपासायचं तेच.

१. आधी कॉपी, मग युनिट्स. गिऱ्हाइकाची मूळ फाईल तशीच ठेवा, कॉपीवर काम करा. 'युनिट्स'मध्ये जाऊन मिलिमीटर आहे का बघा. तिथेच कोनाची अचूकता चार दशांश करा. सुरुवातीला ती शून्य दशांश असते, त्यामुळे ८९.९ अंशाची रेषसुद्धा ९० दाखवते. ०.१ अंश म्हणजे किरकोळ वाटतं ना? २४४० मिलिमीटर लांबीच्या प्लायवर तोच फरक सव्वाचार मिलिमीटरचा होतो. शटर बसणार नाही!

२. खोटी मापं शोधा. माप सिलेक्ट करून प्रॉपर्टीज उघडा. 'टेक्स्ट ओव्हरराइड'च्या रकान्यात काही लिहिलेलं असेल, तर तो आकडा हाताने टाकलेला आहे. तो पुसला की खरं माप दिसतं.

३. झेड शून्य करा. दोन टोकं वरून जुळलेली दिसतात, पण एक रेष वर आणि एक खाली असते. अशा रेषा जोडल्या जात नाहीत. प्रॉपर्टीजमध्ये स्टार्ट झेड आणि एंड झेड दोन्ही ० करा.

४. दुहेरी रेषा काढा. सगळं सिलेक्ट करून 'ओव्हरकिल' द्या. एकावर एक दोन रेषा असतील तर लेझर त्याच जागी दोनदा फिरतो. वेळ दुप्पट जातो आणि ॲक्रिलिकची कड वितळते ती वेगळीच.

५. वाकड्या रेषा पुन्हा काढा. ओढून-ताणून सरळ करत बसू नका. रेष पुसा, एफ३ ने स्नॅप आणि एफ८ ने ऑर्थो चालू करा, आणि लांबी टाईप करून नवी रेष काढा.

६. कोपरे आणि फटी बंद करा. कोपऱ्यात रेष कमी पडली असेल किंवा पुढे गेली असेल, तर 'फिलेट' घ्या, रेडियस ० ठेवा आणि दोन्ही रेषांवर क्लिक करा. नेमका कोपरा तयार होतो. मग 'पीएडिट', 'मल्टिपल', 'जॉईन' करून सगळ्याची एक पॉलिलाईन करा. बारीक फटींसाठी तिथे 'फझ डिस्टन्स' विचारतं. ते ०.१ सारखं लहानच ठेवा. मोठं ठेवलं तर वेगळ्या राहायला हव्यात त्या रेषाही जोडल्या जातील.

आकार बंद का हवा? राउटरचा बिट ६ मिलिमीटरचा असेल तर तो रेषेपासून ३ मिलिमीटर बाजूला चालवावा लागतो. आकार उघडा असेल तर आतली बाजू कुठली नि बाहेरची कुठली, हे सॉफ्टवेअरला ठरवता येत नाही.

७. शेवटची परीक्षा. पॉलिलाईन सिलेक्ट करा. प्रॉपर्टीजमध्ये 'क्लोज्ड'समोर 'येस' हवं. ६०० बाय ४५० चा आयत असेल तर क्षेत्रफळ २,७०,००० चौरस मिलिमीटर आणि परिमिती २,१०० मिलिमीटर यायला हवी. थोडा जरी फरक आला, तर कुठेतरी रेष अजून चुकलेली आहे.

आता धंद्याचं बोलू

रेष ५९८ ची आणि आकडा ६०० चा, तर खरं कुठलं? हे आपण ठरवायचं नाही, गिऱ्हाइकाला विचारायचं. दुरुस्त केलेल्या ड्रॉइंगची पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवा आणि "या मापाने कटिंग करतोय, ओके लिहून पाठवा" असं सांगा. ओके आल्याशिवाय शीट मशीनवर चढवू नका. आणि ड्रॉइंग दुरुस्तीचे पैसे कटिंगच्या दरात लपवू नका. कोटेशनमध्ये ती ओळ वेगळी दाखवा आणि काम हातात घेण्याआधीच सांगा. आधी सांगितलेल्या पैशावर गिऱ्हाईक सहसा कुरकुर करत नाही, नंतर सांगितलेल्यावर हमखास करतं.