क्रॅपी मासेमारीतील जिवंत मिनो : आमिषाची निवड व रंगवण्याची प्रक्रिया

प्रस्तावना

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील तलाव, धरणांचे जलाशय व संथ वाहणाऱ्या नद्या यांमध्ये क्रॅपी हा गोड्या पाण्यातील मासा मोठ्या प्रमाणावर आढळतो. सेंट्रार्किडी या कुळात त्याचा समावेश होतो. त्याच्या दोन जाती आहेत : पांढरा क्रॅपी म्हणजे पोमॉक्सिस ॲन्युलॅरिस आणि काळा क्रॅपी म्हणजे पोमॉक्सिस निग्रोमॅक्युलेटस. पाठीवरील पराचे कठीण काटे मोजले असता पहिल्यात ते बहुधा पाच किंवा सहा, तर दुसऱ्यात सात किंवा आठ भरतात. लुईझियानातील फ्रेंच परंपरेच्या लोकांनी त्यास 'साक-आ-ले', म्हणजे दुधाची पिशवी, असे नाव दिले आहे. त्याच्या पांढऱ्या, मऊ मांसाची ख्याती त्या नावाला साजेशीच आहे. मासा आकाराने लहान असतो. पांढऱ्या क्रॅपीचा जागतिक विक्रम १९५७ मध्ये मिसिसिपी राज्यातील एनिड जलाशयात नोंदला गेला व तो माशाही सुमारे २.३५ किलोग्रॅमचाच होता.

कोकणात ज्यास गरवणे म्हणतात त्याच जातीचा हा उद्योग होय. लांब काठी, बारीक दोरी, पातळ तारेचा गळ आणि त्यावर एक जिवंत लहान मासा, एवढ्याच साधनांवर तो चालतो. आमिष म्हणून वापरल्या जाणाऱ्या या लहान माशांना तेथे सरसकट 'मिनो' म्हटले जाते. अलीकडे हौशी मासेमारांमध्ये हे मिनो गुलाबी, लाल अथवा पिवळसर हिरव्या रंगात बुडवून वापरण्याची पद्धतही आढळते. ही पद्धत कितपत सार्थ आहे व तिची किंमत कोण मोजतो, याचा विचार येथे केला आहे.

क्रॅपीचे भक्ष्य शोधणे

क्रॅपीच्या आहारात प्राणिप्लवक, जलकीटक व लहान मासे यांचा समावेश होतो. पूर्ण वाढलेला मासा प्रामुख्याने शॅडसारख्या लहान माशांवर जगतो. पहाटे व संध्याकाळी, म्हणजे प्रकाश मंद असताना, त्याची हालचाल वाढते. भक्ष्याच्या किंचित खाली राहून वरच्या बाजूस झेप घेण्याची त्याची प्रवृत्ती असल्यामुळे आमिष माशांच्या थव्याच्या थोडे वर ठेवावे, असा अनुभवी मासेमारांचा परिपाठ आहे. खालून वर पाहणाऱ्या डोळ्यास पाण्याच्या उजळ पृष्ठभागावर उमटलेली काळसर आकृती प्रथम दिसते, रंग नंतर. हा मुद्दा पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरतो.

क्रॅपीच्या तोंडाभोवतीची त्वचा इतकी पातळ असते की त्यास 'पेपरमाऊथ', म्हणजे कागदी तोंडाचा, असेही म्हणतात. जोराचा हिसका दिल्यास गळ त्वचा फाडून निसटतो. म्हणून पातळ तारेचा गळ पसंत केला जातो. अशा गळामुळे मिनोलाही इजा कमी होते व तो अधिक वेळ पोहत राहतो.

मिनोच्या जाती व त्यांची पारख

आमिष म्हणून दोन जाती विशेष प्रचलित आहेत. फॅटहेड मिनो म्हणजे पिमेफेलिस प्रोमेलास आणि गोल्डन शायनर म्हणजे नोटेमिगोनस क्रायसोल्युकास. आपल्याकडील रोहू, कटला व मृगळ ज्या गणात मोडतात त्याच गणात या दोन्ही जातींचा समावेश होतो. आर्कान्सा राज्यातील लोनोक परगणा हे त्यांच्या शेतीचे प्रमुख केंद्र आहे. तेथे सपाट भूमीवरील विस्तीर्ण उथळ तळ्यांत त्यांची पैदास होते व जिवंत मासे टाक्यांतून दूरदूरच्या राज्यांत पाठवले जातात.

फॅटहेड हा कणखर मासा आहे. कमी प्राणवायू, बादलीतील गर्दी व तापमानातील चढउतार तो बऱ्यापैकी सहन करतो. मात्र त्याचे अंग मळकट हिरवट असते. याउलट शायनरचे अंग चांदीसारखे चमकते. त्याच्या खवल्यांच्या बुडाशी ग्वानिनचे पातळ स्फटिक असतात व मासा वळला की त्यांवरून प्रकाश परावर्तित होतो. हीच त्याची खरी जमेची बाजू होय. दुर्बलता अशी की त्याचे खवले सहज गळतात. कोरड्या हाताने धरलेला शायनर काही वेळातच निस्तेज होतो. क्रॅपीसाठी साधारणतः चार ते सहा सेंटिमीटर लांबीचा मिनो योग्य मानला जातो.

पारख करताना प्रथम टाकीतील वर्तन पाहावे. निरोगी मिनो एकत्र व प्रवाहाच्या विरुद्ध तोंड करून पोहतात, सावली पडताच एकदम खाली जातात. पृष्ठभागावर तोंड उघडून श्वास घेणारे, कोपऱ्यात एकटे थबकलेले, नाकावर वा परांच्या मुळाशी लाली असलेले किंवा अंगावर कापसासारखी बुरशी आलेले मासे टाळावेत. टाकीच्या तळाशी मृत मासे दिसत असतील, तर वरचे जिवंत मासेही विकत घेऊ नयेत हे उत्तम.

घरी आणल्यानंतरची काळजी रसायनशास्त्राची आहे. १० अंश सेल्सिअस तापमानाच्या गोड्या पाण्यात प्रतिलिटर सुमारे ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांवर हे प्रमाण सुमारे ७.६ मिलिग्रॅमपर्यंत घसरते व त्याच वेळी माशाची प्राणवायूची गरज वाढते. उन्हाळ्यात बादलीतील मिनो का मरतात, याचे उत्तर बव्हंशी या दोन आकड्यांत आहे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन कल्ल्यांना घातक असल्यामुळे ते सोडियम थायोसल्फेटने निष्प्रभ करावे लागते.

रंग व माशाची त्वचा

माशाची त्वचा श्लेष्माच्या थराने आच्छादित असते. हा थर शर्करायुक्त प्रथिनांचा असून सतत झडतो व नव्याने तयार होतो. बुडवून दिलेला रंग प्रामुख्याने याच थरावर बसतो, म्हणून तो मुळातच अल्पायुषी असतो.

खाद्यरंगांपैकी बहुसंख्य रंग ऋणभारित असतात. असे रंग लोकर वा प्रथिने यांना आम्लधर्मी पाण्यात चांगले चिकटतात. लोकर रंगवताना व्हिनेगर घालतात ते याचसाठी. परंतु जिवंत माशास तितक्या आम्लात ठेवता येत नाही आणि उदासीन पाण्यात हे रंग जेमतेमच धरतात. खाद्यरंगात बुडवलेला मिनो गळावर लावून पाण्यात सोडला की फिकट पडू लागतो, ही मासेमारांची नेहमीची तक्रार यातून स्पष्ट होते.

धनभारित रंगांची गोष्ट वेगळी. श्लेष्मातील ऋणभारित घटकांना ते घट्ट पकडतात. बिस्मार्क ब्राऊन हा असाच रंग. मत्स्यशास्त्रज्ञांनी सामन माशांची पिल्ले सोडून पुन्हा पकडण्याच्या गणनाप्रयोगांत त्याचा उपयोग केला आहे. ही खूण काही दिवस टिकते. मात्र जो रंग त्वचेस चिकटतो तो कल्ल्यांसही चिकटतो. त्यामुळे अशा द्रावणात मासे ठेवताना जोरदार वायुवीजन व वेळेचे काटेकोर बंधन आवश्यक असते. प्रयोगशाळेत ते पाळले जाते, नावेवरील बादलीत क्वचितच. मॅलकाइट ग्रीनचा तर विचारच करू नये. बुरशीनाशक म्हणून त्याचा पूर्वी सर्रास वापर होई, परंतु त्याचे अवशेष माशाच्या चरबीत टिकून राहतात व खाण्याच्या माशांसाठी अमेरिकेत त्यास परवानगी नाही. क्रॅपी खाण्यासाठीच धरला जातो, हे येथे विसरता येत नाही.

रंग वापरायचाच असेल तर क्लोरीनमुक्त, बादलीतील पाण्याच्याच तापमानाच्या वेगळ्या भांड्यात थोडेच मिनो घ्यावेत, खाद्यरंग बेताने मिसळावा, हवा सोडणारा पंप चालू ठेवावा आणि काही मिनिटांत मासे स्वच्छ पाण्यात परत घ्यावेत.

रंगाचा उपयोग किती?

स्वच्छ पाण्यात लाल प्रकाश पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो. म्हणून खोलवर लाल मिनो लाल नव्हे, तर काळपट दिसतो. कुजलेल्या पानांमुळे चहासारख्या झालेल्या पाण्यात उलट घडते. तेथे निळा प्रकाश प्रथम नाहीसा होतो व पिवळा-तांबडा भाग उरतो. एकच रंग सर्व तलावांत सारखा चालेल ही अपेक्षा त्यामुळे भौतिकशास्त्रास धरून नाही. गढूळ पाण्यात चकाकणाऱ्या पिवळसर हिरव्या कृत्रिम आमिषाची जी ख्याती आहे, ती प्रतिदीप्तीमुळे. हा रंग निळा प्रकाश शोषून हिरवट प्रकाश बाहेर टाकतो. साधा खाद्यरंग हे काम करीत नाही.

यावरून जातीचा भेदही लक्षात घ्यावा लागतो. फॅटहेडच्या मळकट अंगावर रंगाने काही उठाव येऊ शकतो. परंतु शायनर रंगवणे म्हणजे चांदीच्या भांड्यास रंग फासण्यासारखे आहे, कारण ज्या चमकेसाठी त्याची जादा किंमत मोजली तीच झाकली जाते. रंगच हवा असेल त्यास एक सोपा पर्याय उपलब्ध आहे. फॅटहेडचाच 'रोझी रेड' हा वाण जन्मतः केशरी-गुलाबी असतो. काळ्या रंगद्रव्याच्या अभावी तो तसा दिसतो आणि त्याचा रंग धुतला जात नाही.

रंगवण्यावरील सर्वांत गंभीर आक्षेप मात्र वेगळाच आहे. मिनोच्या अंगावरील लाली, बुरशी व खवल्यांची झड याच त्याच्या आजाराच्या खुणा असतात. गुलाबी रंगात बुडवलेल्या माशात त्या दिसेनाशा होतात आणि पारखीचे साधनच हातातून जाते.

रोग, कायदा व उरलेले मिनो

ही भीती काल्पनिक नव्हे. विषाणुजन्य रक्तस्रावी सेप्टिसीमिया हा माशांचा रोग २००५ मध्ये पंचमहासरोवरांच्या परिसरात आढळला व पुढील वर्षी तेथे मोठी मत्स्यहानी झाली. ऑक्टोबर २००६ मध्ये अमेरिकेच्या कृषी विभागाने रोगप्रवण जातींच्या जिवंत माशांच्या आंतरराज्य वाहतुकीवर निर्बंध घातले. त्या यादीत एमराल्ड शायनर हा आमिषाचा मासाही होता व काळा क्रॅपीही. हा आदेश २०१४ मध्ये मागे घेण्यात आला, तथापि राज्यांचे स्वतंत्र नियम कायम आहेत. आर्कान्साने आमिष माशांच्या शेतीसाठी तपासणी व प्रमाणपत्राची योजना उभारली आहे. काही राज्यांत सोनमासा आमिष म्हणून वापरण्यास मनाई आहे. जर्मनी, नॉर्वे व स्कॉटलंड येथे तर जिवंत मासा गळास लावणेच निषिद्ध आहे.

बादलीतून केवळ रोगच पसरतो असे नाही. सिल्व्हर कार्पची कोवळी पिल्ले शॅडच्या पिल्लांसारखी दिसतात व नैसर्गिक पाण्यातून जाळ्याने धरलेल्या आमिषात ती नकळत मिसळू शकतात. दिवस संपल्यावर उरलेले मिनो 'त्यांना जीवदान' म्हणून तलावात सोडण्याची दयाळू सवय म्हणूनच घातक ठरते. उरलेले मासे कचऱ्यात टाकावेत व बादलीतील पाणी काठापासून दूर, कोरड्या जमिनीवर ओतावे, अशी सूचना तेथील मत्स्यविभाग करतात. रंगवलेल्या मिनोंच्या बाबतीत रंगीत पाण्यालाही हीच सूचना लागू करावी लागेल.