सायकलवरची वर्गणी

पॅन-मॅसॅच्युसेट्स चॅलेंज या सायकल राइडला नाव नोंदवताना सायकल कोणती आणि दम किती, याची फारशी चौकशी होत नाही. क्रेडिट कार्डाचा नंबर मात्र द्यावा लागतो. दोन दिवसांचा मुख्य मार्ग निवडणाऱ्याने काही हजार डॉलर गोळा करायचे असतात. मुदतीत रक्कम कमी भरली, तर उरलेले पैसे त्याच्याच कार्डावरून वळते होतात. तीनशे किलोमीटर सायकल चालवायची हे ऐकून आपल्याला धडकी भरते, पण भाग घेणाऱ्यांना विचारलं तर खरं काम त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेलं असतं: पैसे मागण्याचं.

ऑगस्टच्या पहिल्या शनिवार-रविवारी अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात ही राइड होते. जमणारा पैसा बॉस्टनच्या डाना-फार्बर कॅन्सर इन्स्टिट्यूटला जातो. बिली स्टार या तरुणाची आई १९७४ मध्ये मेलानोमाने, म्हणजे त्वचेच्या कर्करोगाने गेली. ती ४९ वर्षांची होती. १९८० मध्ये त्याने मित्रमंडळी गोळा केली आणि ३६ जण स्प्रिंगफिल्डहून समुद्रकाठच्या प्रॉव्हिन्सटाउनला सायकलने गेले. त्या वर्षी १०,२०० डॉलर जमले. २०२४ मध्ये एका वर्षाची रक्कम साडेसात कोटी डॉलर झाली आणि सुरुवातीपासूनची बेरीज शंभर कोटींच्या पुढे गेली. सायकलस्वारांनी आणलेला प्रत्येक डॉलर संस्थेला मिळतो. मांडव, जेवण, वाहतूक हा खर्च नोंदणी शुल्क आणि प्रायोजक उचलतात. देणगीचा किती हिस्सा आयोजनातच जिरतो, हा प्रश्न अशा प्रत्येक उपक्रमाला विचारलाच पाहिजे. इथे त्याचं उत्तर स्वच्छ आहे.

स्वार पत्रं लिहितो, ईमेल पाठवतो, ऑफिसात, शेजारी, नातेवाइकांत सांगत फिरतो. आपण कोणासाठी सायकल चालवतोय, हेही तो बहुतेक वेळा लिहितो: बहिणीसाठी, शाळेतल्या मित्रासाठी, कधी स्वतःसाठी. देणारा इन्स्टिट्यूटच्या नावाकडे पाहून देत नाही, ओळखीच्या माणसाच्या शब्दावर देतो. तोच माणूस पुढच्या वर्षी पुन्हा मागायला येतो, म्हणून पैशाची धार आटत नाही. ‘एवढा घाम गाळण्यापेक्षा सरळ चेक का फाडत नाही?’ असं विचारणारे भेटतात. पण एकट्याचा चेक एकदाच फाटतो. मागणारा माणूस दरवर्षी नव्या पन्नास जणांपर्यंत पोहोचतो आणि त्या प्रत्येक घरात कर्करोगाचं नाव मोकळेपणाने निघतं. आपल्याकडे ते अजूनही दबक्या आवाजात घेतलं जातं.

मुख्य मार्ग स्टरब्रिजहून निघतो. पहिल्या दिवशी बोर्नपर्यंत सुमारे १७५ किलोमीटर, त्यातही सकाळचे चढउतार मांड्यांची परीक्षा पाहणारे. मुक्काम सागरी अकादमीच्या आवारात. दुसऱ्या दिवशी पहाटेच कालव्यावरचा पूल ओलांडून केप कॉडची चिंचोळी भूमी लागते आणि वाळूच्या टेकड्यांतून प्रॉव्हिन्सटाउन येतं. वाटेत ठरावीक अंतरावर पाणी, केळी, सँडविच घेऊन स्वयंसेवक उभे असतात. तयारी काही महिने आधीपासून करावी लागते. आठवड्याच्या शेवटी अंतर हळूहळू वाढवत न्यायचं. ऑगस्टचा दमट उकाडा नवख्याला अंतरापेक्षा जास्त छळतो, म्हणून तहान लागण्याआधी पाणी प्यायची सवय लावून घ्यायची.

या वाटेवर लेकव्हिलचा थांबा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. डाना-फार्बरमध्ये उपचार घेणारी लहान मुलं स्वारांच्या गटांशी जोडलेली असतात आणि या थांब्यावर त्यांची भेट होते. ज्या मुलाचा फोटो गटाने महिनोन्‌महिने समोर ठेवला, ते मूल प्रत्यक्ष समोर उभं असतं. संशोधन हा शब्द फार दूरचा वाटतो, पेशी आणि रेणूंचा. इथे त्याला तोंड असतं, दुधाचे दात असतात.

मुलांपासूनच ही सगळी गोष्ट सुरू झाली. १९४७ च्या सुमारास बॉस्टनच्या बालरुग्णालयातले पॅथॉलॉजिस्ट सिडनी फार्बर, ज्यांचं नाव आज डाना-फार्बरला आहे, रक्ताच्या कर्करोगाने दगावणारी मुलं पाहत होते. तेव्हा या आजारात आठवड्यांचा, फार तर महिन्यांचा अवधी मिळे. वाढत्या पेशींना फॉलिक अ‍ॅसिड लागतं; ते अडवलं तर? अडवणारी रसायनं न्यूयॉर्क राज्यातल्या लेडर्ले प्रयोगशाळेतून आली आणि तिथे संशोधनाची सूत्रं होती आंध्रातल्या भीमावरम इथे जन्मलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे. जून १९४८ मध्ये फार्बर यांनी निष्कर्ष छापले. अमिनोप्टेरिन दिलेल्या १६ मुलांपैकी १० मुलांचा आजार काही काळ मागे हटला होता. तो परत आला, पण या आजाराला औषधाने मागे रेटता येतं हे पहिल्यांदा दिसलं. सुब्बाराव त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेले. त्यांच्या रसायनांच्याच कुळातलं मेथोट्रेक्सेट आज आपल्याकडे रक्ताच्या कर्करोगात वापरतात आणि संधिवाताच्या रुग्णांच्या घरीही ते सापडतं. मुलांमधल्या रक्ताच्या कर्करोगाच्या नेहमीच्या प्रकारात दहापैकी नऊ मुलं आज अमेरिकेत बरी होतात. हा भारतीय माणूस आपल्या शाळांच्या पुस्तकांत ठळकपणे यायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

पैसा तेव्हाही वर्गणीतूनच आला. मे १९४८ मध्ये रेडिओवरून ‘जिमी’ या टोपणनावाने एका बारा वर्षांच्या रुग्णाशी गप्पा मारल्या गेल्या. त्याला बेसबॉल पाहायला टीव्ही हवा होता. देशभरातून दोन लाखांहून जास्त डॉलर आले आणि जिमी फंड उभा राहिला. तो मुलगा, आयनार गुस्ताफसन, मोठा होऊन ट्रकचालक झाला आणि पन्नास वर्षांनी, १९९८ मध्ये लोकांसमोर आला. सायकल राइडचे पैसे याच जिमी फंडात जमा होतात.

असा पैसा का लागतो? सरकारी अनुदानाच्या अर्जात कल्पनेसोबत प्राथमिक निष्कर्ष मागतात. पण निष्कर्ष मिळवायलाच आधी पैसा लागतो. नव्या संशोधकाची, आडवाटेच्या कल्पनेची इथेच कोंडी होते. राइडचा पैसा अटींत बांधलेला नसल्याने ती फुटू शकते. कोणत्या डॉलरमधून कोणता शोध लागला हा हिशोब मांडता येत नाही, आणि तो मागूही नये. डाना-फार्बरचे विल्यम केलिन एका दुर्मीळ आनुवंशिक आजारामागचं जनुक वर्षानुवर्षं अभ्यासत होते. पेशींना ऑक्सिजनची कमतरता कशी कळते, हे त्यातून उलगडत गेलं. २०१९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं आणि २०२१ मध्ये त्याच ज्ञानावर उभं असलेलं औषध त्या आजाराच्या रुग्णांसाठी मंजूर झालं. इतकी वर्षं धीर धरणारा पैसा लागतो.

महाराष्ट्राला अशी वर्गणी नवी नाही. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून पैसा फंड उभारला, टिळकांनी त्याला बळ दिलं आणि १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. आज आपण देवळाला देतो, एखाद्या रुग्णाच्या शस्त्रक्रियेसाठी देतो, आणि ते द्यायलाच हवं. संशोधनासाठी मात्र हात आखडतो. हे काम परदेशात व्हायचं असं आपण धरून चाललो आहोत, आणि ते चूक आहे. रुग्णाच्याच पेशी बदलून कर्करोगाशी लढवणारी पहिली भारतीय कार-टी उपचारपद्धती आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून तयार झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला मंजुरी मिळाली, आणि तिची किंमत अमेरिकेतल्या उपचाराच्या जवळपास दहाव्या हिश्शात आहे. तीही सामान्य घराला जड आहेच; ती खाली आणण्याचा मार्गही पुन्हा संशोधनातूनच जातो.

पुण्या-मुंबईतून, नाशिक-कोल्हापुरातून दर रविवारी सायकलींचे जथे निघतात. पंढरपूरपर्यंत, गोव्यापर्यंत जाणारे आहेत. त्यांना माझी विनंती आहे: पुढच्या मोठ्या राइडला एक यादी जोडा, ओळखीच्या पन्नास जणांची. प्रत्येकाकडे शंभर-दोनशे रुपये मागा, पै-पैचा हिशोब उघड ठेवा, आणि पैसे देताना संस्थेला लेखी कळवा की ते कर्करोगाच्या संशोधनासाठी आहेत. आणि तुमच्या दारात असा सायकलवाला आला, तर त्याला रिकाम्या हाताने पाठवू नका.