ट्रम्पेटवाल्याने काढलेला सिनेमा

कोकणी सिनेमाचं मूळ मुंबईत, असं सांगितलं तर गोव्यातल्या पेडणे-डिचोलीकडच्या माणसाला फारसं नवल वाटायचं नाही. इथल्या घराघरातला कोणी ना कोणी पोटापाण्यासाठी मुंबईला गेलेलाच. पेडण्याच्या मालपेचं नाव लावणाऱ्या अंजनीबाई मालपेकरांचं गाणं मुंबईतच नावारूपाला आलं. तियात्राचा, म्हणजे कोकणी नाटकाचा, पहिला प्रयोगही गोव्यात झाला नाही. १७ एप्रिल १८९२ रोजी तो मुंबईच्या न्यू आल्फ्रेड थिएटरात झाला. बोटीवर, हॉटेलात, बँडात नोकरी करणारा गोंयकार तिथे होता आणि तिकिटाचे पैसेही त्याच्याच खिशात होते.

पहिला कोकणी बोलपट ‘मोगाचो आंवडो’ २४ एप्रिल १९५० रोजी पडद्यावर आला. तो काढला म्हापशाच्या जेरी ब्रागांझा यांनी. त्यांच्या कंपनीचं नाव ‘एटिका पिक्चर्स’, म्हणजे ‘एक्स्चेंज टॉकीज ऑफ इंडिया, चायना अँड आफ्रिका’. एका कोकणी सिनेमासाठी हे नाव केवढं मोठं! पण त्या काळी नोकरीसाठी बाहेर पडलेला गोंयकार कुठे कुठे पोचला होता ते पाहिलं, की त्याचं हसू येत नाही.

मला मात्र त्यांच्या मागून आलेल्या फ्रँक फर्नांड यांच्याबद्दल जास्त कुतूहल आहे. जन्म १९१९ चा, कुडचड्याचा. पोर्तुगीज गोव्यात चर्चच्या शाळेत मुलांना सोल्फेज, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला, शिकवत. मुंबईत पुढे याच शिक्षणावर शेकडो गोंयकारांची चूल पेटली. फ्रँक ट्रम्पेट वाजवत. डान्स बँडातून त्यांनी हिलस्टेशनांच्या हॉटेलांत जॅझ वाजवलं. १९४६ मध्ये ते मसुरीत होते आणि त्याच वेळी गांधीजीही तिथे होते. आपल्या वाजवण्यात इथल्या मातीचं काही उतरलं पाहिजे, ही ओढ तेव्हापासून लागल्याचं ते सांगत.

पुढे ते हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात गेले, अरेंजर झाले. हे काम काय असतं ते जरा सांगायला हवं. संगीतकार पेटीवर चाल बसवतो. पण पंचवीस-तीस व्हायोलिनं, चेलो, ट्रम्पेट, सॅक्सोफोन यांनी कुठे शिरायचं, कुठे थांबायचं, हे कागदावर उतरवावं लागतं. पुष्कळ संगीतकारांना ते लिपीत लिहिता येत नसे. म्हणून अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा, चिक चॉकलेट आणि फ्रँक फर्नांड यांच्यासारखी गोंयकार मंडळी मधले तुकडे, संवादी सूर, सुरुवातीची धून रचून प्रत्येक वादकापुढे त्याचा त्याचा कागद ठेवत. तबकडीवर नाव संगीतकाराचं. अरेंजरचं नाव पडद्यावर आलंच, तर बारीक अक्षरात.

असा माणूस निर्माता होतो तेव्हा त्यामागे नुसती हौस नसते, असं मला वाटतं. आयुष्यभर दुसऱ्याची चाल सजवली, एकदा आपल्या भाषेची सजवावी, हा हिशेब त्यात असणारच. गोवा मुक्त झाला डिसेंबर १९६१ मध्ये. १९६३ मध्ये ‘फ्रँक फिल्म्स’चा ‘आमचें नशीब’ आला. दिग्दर्शन ए. सलाम यांचं, संगीतात ख्रिस पेरी. सी. आल्वारिस आणि रिटा लोबो हे तियात्राचे कलाकार, म्हणजे लोकांनी आधीच डोक्यावर घेतलेले. निर्माता म्हणून फ्रँक यांचा शहाणपणा इथे दिसतो. प्रेक्षक थोडा, त्यातही तो कोकण किनारा आणि मुंबई यांत वाटलेला. अशा वेळी लोकांच्या ओळखीचे चेहरे आणि गाणी हाताशी असणं हाच विमा.

दुसरा सिनेमा ‘निर्मोण’, १९६६ चा. बीजकथा टेनिसनच्या ‘इनॉक आर्डन’ या १८६४ च्या कवितेची: घरधनी दूर गेला, बोट बुडाली, तो मेला असं सारे धरून चालले, बायकोने दुसरं लग्न केल्यावर तो परत आला. कविता इंग्रजी असली तरी तारवट्यांच्या, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्यांच्या, गावाला गोष्ट परकी वाटण्याचं कारण नव्हतं. बोटीवरून पत्र येईपर्यंत जीव टांगणीला लावून बसलेली घरं बार्देश-साष्टीत किती होती! नायिकेच्या भूमिकेत शालिनी मार्डोळकर, नायक पुन्हा सी. आल्वारिस. राष्ट्रीय पुरस्कारांतही ‘निर्मोण’ची दखल घेतली गेली.

पुढच्याच वर्षी ‘राजश्री’ या निर्मितीसंस्थेने ही गोष्ट ‘तकदीर’ नावाने हिंदीत आणली. ‘तकदीर’चे दिग्दर्शक तेच सलाम, नायिका तीच शालिनी, नायक मात्र भारत भूषण, संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल. कोकणी सिनेमाची कथा हिंदीने उचलावी ही त्या काळात मोठीच गोष्ट. पण निर्मात्याच्या बाजूने पाहिलं तर त्यात एक खोच आहे. मोठा बाजार मिळाला तो कथेला. कोकणी सिनेमाचा बाजार होता तेवढाच राहिला.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. हे सिनेमे मुख्यतः तियात्राच्या प्रेक्षकाचे. आमच्या नव्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगिजांनी मागाहून घेतलेल्या पेडणे-डिचोलीसारख्या तालुक्यांत, जत्रेला मराठी नाटक, गाणं मराठी. आमच्या बाजूचा निर्माता शोधायचा तर तो मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर. त्यांनीही सीमा ओलांडली, बळवंत संगीत मंडळी उभी केली, आणि बोलपटाने नाटकाचा प्रेक्षक ओढून नेल्यावर त्याच मंडळीच्या जोरावर ‘कृष्णार्जुन युद्ध’ (१९३४) काढला. तो व्यवहार त्यांना झेपला नाही. दीनानाथ आणि फ्रँक, दोघेही गाण्यावाजवण्यातून आले. फ्रँक मात्र सिनेमा काढण्याआधी बरीच वर्षं स्टुडिओत दुसऱ्यांचे सिनेमे घडताना पाहत होते.

२००७ मध्ये ते मुंबईतच वारले. डिचोली-पेडण्यात ‘निर्मोण’ पाहिलेल्यांपेक्षा ‘तकदीर’ पाहिलेले म्हातारेकोतारेच जास्त भेटतील. ती गोष्ट एका कुडचडेकाराने आधी कोकणीत आणली होती, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल.