बंब अंगणात होता, गीझर न्हाणीघरात आला

कपाशीची वेचणी संपली की जालना जिल्ह्यातल्या गावांत घरामागे पऱ्हाट्यांचा ढीग लागतो. थंडीच्या सकाळी त्यातल्या चार काड्या मोडून बंबात टाकल्या की घराला पुरेल एवढं पाणी तापतं. बंबाची रचना पाहा. मधोमध उभी नळी, तिच्या तळाशी जाळी आणि भोवतीने पाणी. जाळ नळीतून वर चढताना आपली उष्णता तांब्याच्या पत्र्यातून पाण्याला देतो, धूर धुराड्यातून आभाळात जातो.

परदेशांतल्या घरांत आणि मोठ्या हॉटेलांत स्पा किंवा हॉट टब तापवणारा गॅस हीटर याच तत्त्वावर चालतो. पंप टबातलं पाणी तांब्याच्या नळ्यांतून फिरवतो, नळ्यांखाली गॅस जळतो आणि पाणी तापून टबात परततं. त्याला उष्णता किती लागते? एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते. 1,500 लिटरचा टब 20 अंशांवरून 40 अंशांवर न्यायचा, तर 30,000 किलोकॅलरी. एक किलो एलपीजी साधारण 11,000 किलोकॅलरी देतो. त्यातली 80 टक्के पाण्यात उतरली असं धरलं, तर 3.4 किलो गॅस लागेल, म्हणजे 14.2 किलोच्या सिलिंडरचा जवळजवळ पाव हिस्सा. शिवाय 20 लिटरच्या 75 बादल्या पाणी. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावांना या आकड्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

टब आपल्याकडे विरळाच, पण तसाच बर्नर गॅस गीझरच्या रूपाने घरोघरी आला आहे. बंब अंगणात किंवा परसात असायचा. गीझर मात्र अनेक घरांत थेट न्हाणीघराच्या भिंतीवर चढला, आणि तोही धुराड्याशिवाय.

पाच फूट बाय सात फुटांचं न्हाणीघर घ्या. त्यात हवा असते साधारण साडेसात घनमीटर. मिनिटाला सहा लिटर पाणी 25 अंशांनी तापवणारा गीझर दहा मिनिटांत सुमारे 170 ग्रॅम गॅस जाळतो. एक किलो एलपीजी पुरता जळायला 13 घनमीटर हवा लागते. म्हणजे दार-खिडकी बंद असेल, तर एका अंघोळीत खोलीतल्या प्राणवायूचा पावाहून अधिक भाग ज्योतच खाऊन टाकते. प्राणवायू घटला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. सिलिंडर गळला तर कळावं म्हणून एलपीजीत उग्र वासाचं मर्कॅप्टन मिसळलेलं असतं. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, पायांतलं बळ जातं. कडी काढायला हात उचलेपर्यंत माणूस खाली कोसळलेला असतो.

उपाय साधा आहे. गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवा आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ येऊ द्या. तोवर आधी बादली भरा, गीझर बंद करा, हवा खेळू द्या आणि मगच अंघोळीला बसा. ज्योत निळी हवी. ती पिवळी दिसली की मेकॅनिकला बोलवा, कारण नळ्यांच्या पात्यांवर काजळी धरली की हवेची वाट अडते. बोअरच्या जड पाण्याने नळीत आतून क्षार बसतात आणि गॅसही जास्त जळतो, म्हणून वर्षातून एकदा सफाई करा. आत कुणी बेशुद्ध पडलं असेल, तर दार सताड उघडून आधी त्याला मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा आणि 108 ला फोन करा.

दिवाळीच्या पहाटे बंबाशेजारी उभं राहून डोळे चोळणारी पोरं धुराला वैतागायची. पण त्या धुराने त्यांना सावध केलं होतं आणि आभाळाने तो सामावून घेतला होता. आजच्या ज्योतीचा धूर दिसत नाही, म्हणून त्याला वाट करून देणं आपल्याच हाती आहे.