शिकाऱ्याचे कान आणि सरकारची नोंदवही

हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम यांनी १८८४ मध्ये मशिनगन तयार केली आणि तिच्या चाचण्या घेता घेता स्वतःचे कान गमावले. त्यांचा मुलगा हायरम पर्सी मॅक्सिम यानं बरोबर पंचवीस वर्षांनी, १९०९ मध्ये, बंदुकीचा आवाज दाबणाऱ्या नळकांड्याचं पेटंट मिळवलं. अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात, हार्टफर्ड शहरात, त्याचा कारखाना निघाला. मोटारीच्या इंजिनाचा आवाज कमी करणाऱ्या यंत्रणेवरही हाच माणूस काम करत होता, आणि दोन्हींमागचं तत्त्व जवळपास एकच होतं: कोंडलेल्या गरम वायूला एकदम बाहेर सुटू द्यायचं नाही, कप्प्याकप्प्यांतून फिरवून त्याचा जोर आधी जिरवायचा. त्या काळी अमेरिकेत ही सायलेन्सरं हार्डवेअरच्या दुकानात मिळत, टपालानंही घरी येत. शिकारीचे शौकीन माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या विंचेस्टर रायफलीवरही मॅक्सिमचं सायलेन्सर बसवलेलं होतं.

मग आला १९३४ चा नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्ट. दारूबंदीच्या काळात माजलेल्या टोळ्यांच्या मशिनगन आणि नळी कापलेल्या बंदुका हे त्या कायद्याचं खरं लक्ष्य. त्यांच्याच यादीत सायलेन्सर जाऊन बसलं. त्याची केंद्र सरकारकडे नोंद सक्तीची झाली आणि प्रत्येक खरेदीवर २०० डॉलर कर लागला. सायलेन्सरची किंमतच तेव्हा जेमतेम काही डॉलर होती, म्हणजे हा कर बंदीइतकाच कठोर होता. मंदीच्या दिवसांत भुकेली माणसं चोरून हरणं मारतील, या भीतीनं हे केलं असं पुढे सांगितलं गेलं. पण संसदेतल्या त्या वेळच्या चर्चेत सायलेन्सरबद्दल फारसं कुणी बोललेलंच नाही. जवळपास चर्चेविना लागलेला हा कर नव्वद वर्षं, एका डॉलरचाही फरक न होता, तसाच राहिला.

सिनेमातला मारेकरी नळीला सायलेन्सर लावून चाप ओढतो आणि नुसतं ‘फुस्स’ होतं. प्रत्यक्षात असं घडत नाही. रायफल झाडली की दोन आवाज निघतात. एक नळीच्या तोंडाशी दारूच्या वायूचा स्फोट. दुसरा खुद्द गोळीचा: हवेतला आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तर हरणाच्या शिकारीत वापरली जाणारी गोळी ८०० मीटर किंवा त्याहूनही वेगानं सुटते, आणि हवा चिरत जाताना चाबूक ओढल्यासारखा कडाका करते. सायलेन्सर पहिला आवाज दाबतं. दुसऱ्याला ते हात लावू शकत नाही. शिकारी रायफलीचा बार साधारण १६० डेसिबल किंवा त्याहून मोठा असतो, आणि चांगल्या सायलेन्सरमुळे तो २० ते ३५ डेसिबलनं उतरतो. डेसिबलच्या मोजणीत ३० ची घट म्हणजे ध्वनीची तीव्रता हजारपटीनं कमी, त्यामुळे ही घट क्षुल्लक नाही. तरीही उरलेला आवाज बराच मोठा असतो. आपल्याकडे फटाक्यासाठी चार मीटर अंतरावर १४५ डेसिबलची कमाल मर्यादा आहे. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या असल्या, तरी सायलेन्सर लावलेली रायफल सुतळी बॉम्बच्या पंक्तीत बसते, कुजबुजीच्या नाही, एवढं त्यावरून कळतं.

कानांच्या दृष्टीनं मात्र हाच फरक निर्णायक ठरतो. क्षणिक स्फोटक आवाजासाठी १४० डेसिबल ही धोक्याची रेषा मानली जाते. तिच्यापलीकडचा एकच बार अंतर्कर्णातल्या सूक्ष्म केसपेशी कायमच्या मारू शकतो, आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. विस्कॉन्सिन राज्यातल्या बीव्हर डॅम गावात साडेतीन हजारांहून अधिक प्रौढांच्या ऐकण्याचा अभ्यास झाला होता. २००० साली त्यातून प्रसिद्ध झालेले निष्कर्ष बोलके आहेत. शिकारीची दर पाच वर्षं वाढली, की उंच पट्टीचे आवाज ऐकू न येण्याचा धोका सुमारे सात टक्क्यांनी वाढत होता. आणि शिकार करणाऱ्यांपैकी ९५ टक्के लोकांनी आदल्या वर्षभरात बार काढताना कानांना एकदाही संरक्षण लावलेलं नव्हतं.

हा निव्वळ निष्काळजीपणा म्हणून सोडून देता येत नाही. सावजाची चाहूल कानांनीच लागते. काटकी मोडल्याचा, पाचोळा सरकल्याचा आवाज टिपायचा, तर कानात बोळे घालून बसता येत नाही. बाजूला उभा असलेला सोबती कुठे सरकला हेही ऐकू यावं लागतं. हलका आवाज वाढवणारी आणि मोठा कापणारी इलेक्ट्रॉनिक कर्णरक्षकं मिळतात, पण ती फक्त घालणाऱ्याला वाचवतात. शिकारी कुत्र्याचे कान आणि शेजारच्या वस्तीची झोप यांना त्यांचा उपयोग नाही. आवाज उगमापाशीच कमी करणं हा औद्योगिक सुरक्षिततेचा पहिला नियम आहे. कारखान्यातल्या कामगारासाठी जो नियम रास्त, तो शिकाऱ्यासाठी गैर का मानायचा?

याच मुद्द्यावर अमेरिकी संसदेत २०१५ मध्ये ‘हिअरिंग प्रोटेक्शन अ‍ॅक्ट’ आला. सायलेन्सर १९३४ च्या यादीतून काढा आणि साध्या रायफलीसारखं विका, अशी मागणी त्यात होती. २०१७ मध्ये तीच तरतूद शिकाऱ्यांसाठीच्या एका मोठ्या विधेयकात घातली गेली. त्यावरची सुनावणी १४ जूनला व्हायची होती. त्याच सकाळी बेसबॉलचा सराव करणाऱ्या खासदारांवर गोळीबार झाला, त्यांतले स्टीव्ह स्कलीस गंभीर जखमी झाले आणि सुनावणी रद्द झाली. १ ऑक्टोबरला लास व्हेगासच्या संगीत महोत्सवावर हॉटेलच्या बत्तिसाव्या मजल्यावरून गोळ्यांचा वर्षाव झाला, आणि ते विधेयक बाजूला पडलं. त्या हत्याकांडात सायलेन्सर नव्हतं. ३१ मे २०१९ रोजी व्हर्जिनिया बीचच्या पालिका इमारतीत बारा जणांचा जीव घेणाऱ्या माणसाच्या पिस्तुलावर मात्र होतं. लोक गोळीच्या आवाजानं सावध होतात, पळतात, दारं लावून घेतात. तो आवाज ओळखू आला नाही तर काय, हा शस्त्रनियंत्रणवाद्यांचा प्रश्न त्या दिवसानंतर कुणालाही हसण्यावारी नेता येत नाही.

तरी आकडे पाहायला हवेत. केंद्राच्या शस्त्रनियंत्रण खात्यातले वरिष्ठ अधिकारी रोनाल्ड टर्क यांनी जानेवारी २०१७ मध्ये एक टिपण लिहिलं. गुन्ह्यांत सायलेन्सर क्वचितच सापडतं, आणि आधीच्या दहा वर्षांत खात्यानं सायलेन्सरच्या प्रकरणांत सरासरी फक्त ४४ जणांवर दरवर्षी खटल्याची शिफारस केली, असं त्यात म्हटलं होतं. नोंदवलेली सायलेन्सरं तेव्हा तेरा लाखांच्या घरात होती. कायदेशीर मार्गानं घेतलेलं सायलेन्सर गुन्ह्यात जवळजवळ दिसत नाही, एवढं यावरून सिद्ध होतं. पण ते कशामुळे दिसत नाही? बोटांचे ठसे, छायाचित्र, पार्श्वभूमीची तपासणी आणि प्रत्येक नगाची नावानिशी नोंद, हे सगळं असल्यामुळे तर नव्हे? बंदीविरोधक हे आकडे मांडतात आणि त्याच दमात नोंदणी काढायला सांगतात. हा युक्तिवाद स्वतःचाच पाया उखडतो.

युरोपचा दाखलाही असाच अर्धवट दिला जातो. नॉर्वे आणि फिनलंडमध्ये शिकारी सर्रास सायलेन्सर वापरतात. ब्रिटनमध्ये हरणांची संख्या आटोक्यात ठेवणाऱ्यांच्या रायफलीवर ते नेहमीचंच आहे. जर्मनीत सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं नोव्हेंबर २०१८ मध्ये शिकाऱ्याला सायलेन्सरची गरज नाही, कर्णरक्षकं पुरेशी आहेत, असा निकाल दिला. संसदेनं कायदाच बदलला आणि २०२० पासून शिकाऱ्यांना वाट मोकळी झाली. हे सारं खरं आहे. पण जर्मन शिकाऱ्याला आधी अवघड परीक्षा द्यावी लागते, त्याची प्रत्येक बंदूक सरकारदरबारी नोंदलेली असते, ती घरात कशी ठेवली आहे हेही तपासलं जातं. तिथे सायलेन्सर सैल सोडता येतं, कारण बंदूक घट्ट बांधलेली आहे. अमेरिकेत १९८६ च्या कायद्यानं सामान्य बंदुकांची केंद्रीय नोंदवही ठेवायलाच मनाई केली आहे. मशिनगन, सायलेन्सर अशा मोजक्या वस्तूंचीच नोंद उरली आहे. तीही पुसली तर युरोपचं अनुकरण होत नाही, त्याच्या उलट होतं.

चोरट्या शिकारीची भीती कुठे काल्पनिक तर कुठे अगदी खरी आहे. विदर्भाच्या जंगलात वाघ मारणाऱ्या टोळ्यांनी लोखंडी सापळे वापरले, रानडुकरासाठी विजेच्या तारा आणि गावठी बॉम्ब लावले जातात. तिथे सायलेन्सर लागतच नाही. पण दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानात गेंड्याच्या शिंगासाठी येणाऱ्यांकडे सायलेन्सर लावलेल्या मोठ्या रायफली सापडल्या आहेत. रानात वनरक्षकाला बाराचा आवाज हाच पहिला निरोप असतो, आणि तो अडवणारी वस्तू कुणाच्या हातात आहे हे सरकारला ठाऊक असलंच पाहिजे.

भारतात हा वाद उभाच राहिलेला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हौसेची शिकार संपवली. १९५९ च्या शस्त्र कायद्यात तर बंदुकीचा आवाज किंवा ज्वाळा कमी करणारं उपकरणच ‘फायरआर्म’च्या व्याख्येत बसवलेलं आहे. आपल्याकडे पिकांची नासाडी करणारी रानडुकरं आणि रोही मारायला वनखातं ठरावीक परिस्थितीत परवानगी देतं, पण त्यात सायलेन्सरचा प्रश्न येत नाही, आणि शिकारबंदीच्या देशात तो आणण्याचं कारणही नाही.

अमेरिकेत मात्र निकाल लागत आला आहे. आज ४२ राज्यांत सायलेन्सर बाळगता येतं. आठ राज्यांत बंदी आहे, त्यांत मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असलेलं न्यू जर्सीही आहे. ज्या कनेक्टिकटात मॅक्सिमनं कारखाना काढला, तिथे ते बाळगता येतं पण त्यानं शिकार करता येत नाही. मे २०२५ मध्ये प्रतिनिधी सभागृहानं सायलेन्सर १९३४ च्या कायद्यातून पूर्ण वगळणारी तरतूद अर्थसंकल्पी विधेयकातून मंजूर केली. सिनेटच्या संसदीय सल्लागारांनी ती अर्थविधेयकाच्या चौकटीत बसत नसल्याचं सांगितलं. तेव्हा तडजोड झाली: ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या कायद्यानं कर शून्य केला, नोंदणी ठेवली. १ जानेवारी २०२६ पासून तो अमलात आला. करच उरला नाही तर नोंदणीला आधार काय, असं म्हणत शस्त्रसमर्थक संघटना न्यायालयात गेल्या आहेत.

वाद ज्या टप्प्यावर थांबला आहे, तोच त्यातला सर्वांत शहाणा टप्पा आहे. स्वतःचे कान वाचवणाऱ्याकडून २०० डॉलर उकळण्याला काही आधार नव्हता. तो कर गेला हे उत्तम झालं. पण सायलेन्सर कुणाकडे आहे याची नोंद हा शिकाऱ्यावरचा जुलूम नाही. प्रामाणिक शिकाऱ्याला तिच्यामुळे काही दिवस थांबावं लागतं, एवढंच. अमेरिकी न्यायालयांनी ती नोंदवही आहे तिथेच राहू द्यावी.