पाच मिलिलिटरचा हिशेब

तंजावरच्या मध्यमवर्गीय घरांत कॉम्प्युटरच्या मागोमाग प्रिंटर आला आणि प्रिंटरच्या मागोमाग औषधांच्या दुकानातली सिरिंज आली. हा काळ साधारण २००५ ते २०१५ असा धरायला हरकत नाही. एचपीचा साधा डेस्कजेट तेव्हा दोन-अडीच हजारांत मिळायचा. एवढ्या पैशांत यंत्र मिळते याचेच अप्रूप इतके, की कार्ट्रिजची किंमत विचारायचे सुचायचेच नाही. ती कळायची दीड-दोन महिन्यांनी. काळे आणि रंगीत अशी दोन्ही कार्ट्रिजे नवी घ्यायची तर प्रिंटरच्या निम्म्याहून अधिक किंमत मोजावी लागे. आणि २१ नंबरच्या त्या काळ्या कार्ट्रिजमध्ये शाई किती, तर ५ मिलिलिटर. खोकल्याच्या औषधाचा एक चमचा!

यंत्र स्वस्त द्यायचे आणि पैसे शाईवर काढायचे हा धंदा जुनाच. दाढीच्या पात्यांनी तो जगाला शिकवला होता. पण पाते घरी करता येत नाही. शाईचे तसे नव्हते. चेन्नईच्या रिची स्ट्रीटवर शंभर-शंभर मिलिलिटरच्या शाईच्या बाटल्या किरकोळ किमतीला मिळत. कोणाचा ना कोणाचा मुलगा चेन्नईत नोकरीला असेच. पोंगलला घरी येताना त्याच्या बॅगेत चार रंगांच्या बाटल्या असत.

मग रविवारी दुपारी जुन्या वर्तमानपत्रावर मांडामांड व्हायची. कार्ट्रिजचे लेबल नखाने उचलले की खाली भोक दिसते. आत स्पंज असतो. सुई त्यात खोल घालून शाई अगदी सावकाश सोडायची, कारण घाई केली की आत हवा अडकते आणि छापताना मधल्या ओळी गायब होतात. शाई भोकाशी डोकावली की थांबायचे, थोडी परत ओढून घ्यायची, लेबल चिकटवायचे आणि कार्ट्रिजचे तोंड ओल्या टिश्यूवर टेकवायचे. टिश्यूवर अखंड पट्टा उमटला की काम फत्ते. रंगीत कार्ट्रिजची तीन भोके म्हणजे खरी परीक्षा. कोणत्या भोकाखाली कोणता रंग, हे आधी टूथपिक बुडवून पाहावे लागे. पिवळ्यात निळा गेला की देवाच्या फोटोतला हळदीचा रंग हिरवा. मॅजेंटा बोटांवरून दोन दिवस जात नसे. ऑफिसात कोणाची बोटे गुलाबी दिसली की रविवार कसा गेला हे विचारावे लागत नसे.

एचपीच्या आणि कॅननच्या या कार्ट्रिजांत छापणारे तोंडही डबीतच बसवलेले असते. तिथे केसाहून बारीक छिद्रांमागे इवलेसे तापक असतात. क्षणभर तापतात, शाईचा बुडबुडा होतो आणि थेंब बाहेर उडतो. त्या तापकांना थंड ठेवणारी वस्तू म्हणजे शाईच. म्हणून कार्ट्रिज पूर्ण कोरडे होईपर्यंत वापरले की ते जळते, मग कितीही भरा. जाणकारांचा पहिला नियम तोच होता: संपायच्या आधी भरा. प्रिंटर मात्र भरलेले कार्ट्रिजही ‘रिकामे’ म्हणून ओरडत राही. मग कार्ट्रिजवरच्या तांब्याच्या ठरावीक ठिपक्यांवर सेलोटेपचा तुकडा लावून प्रिंटरची स्मृती पुसण्याची युक्ती निघाली. कंपनीच्या अभियंत्यांनी घातलेले कुलूप सेलोटेपने उघडते, याचा आनंद वाचलेल्या पैशांपेक्षा मोठा होता, असे मला अजून वाटते.

एवढे छापायचे काय? २०११ मध्ये सरकारने बारावीच्या आणि कॉलेजच्या मुलांना मोफत लॅपटॉप द्यायला सुरुवात केली, आणि प्रोजेक्ट रिपोर्ट घरीच तयार होऊ लागले. मराठी घरांना आणखी एक कारण होते. बाजारातल्या डीटीपीवाल्याकडे तमिळ आणि इंग्रजी हमखास, पण देवनागरी जुळवणारा शोधावा लागे. इथल्या भजनांत अभंग हवेतच, आणि गाणाऱ्यांत तमिळ मंडळी जास्त. म्हणजे तोच अभंग एकीकडे देवनागरीत, दुसरीकडे तमिळ लिपीत असे कागद काढायचे आणि एकादशीच्या आधी वीस-पंचवीस प्रती करायच्या. तसे पाहिले तर तंजावरात मराठी छपाई सुरू झाली तीही इथल्या मराठा राजाच्या घरातच. सरफोजी दुसरे यांनी १८०५ च्या सुमारास देवनागरी छापखाना काढला आणि त्यातून इसापाच्या गोष्टी ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने मराठीत आल्या. सरस्वती महाल या राजग्रंथालयातल्या मोडी रुमालांची शाईही कोणा कंपनीने डबीत बंद करून विकलेली नव्हती.

पण या गावाचे हवामान इंकजेटचे वैरी. मे महिन्यात शाळा बंद, प्रिंटर पडून, बाहेर अंग भाजणारे ऊन. जूनमध्ये शाळा उघडली आणि पहिला कागद घातला की तो कोराच बाहेर यायचा, कारण छिद्रांत शाई वाळलेली. कोमट पाण्यात कार्ट्रिजचे तोंड बुडवून ठेवायचे, पुन्हा टिश्यूवर टेकवायचे. ऐप्पसी-कार्तिगै या तमिळ महिन्यांतल्या पावसात उलटा त्रास. स्वस्त शाई पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची, त्यामुळे ओलसर हाताने कागद उचलला की अक्षर फुटले. कंपनीच्या काळ्या शाईत रंगाचे न विरघळणारे कण असतात, ती पाण्याला टिकते. पैसे वाचवताना ही गोष्ट सोडून द्यावी लागली, हे मान्य करायला हवे.

सगळ्यात वाईट वर्ष २०१२. चेन्नई सोडून उरलेल्या तमिळनाडूत दिवसाचे दहा-बारा तास वीज नसे. छापताना वीज गेली की कार्ट्रिज मधेच उघडे राहते, आपल्या झाकणाखाली परतत नाही, आणि वाळते. वीज आली की यंत्र स्वतःहून तोंड साफ करते, म्हणजे शाई ओतून टाकते. कागदावर एक अक्षर न उमटता चमचाभरातली शाई अशीच संपायची. नवे कार्ट्रिज या हिशेबात परवडणे शक्यच नव्हते. घरोघरच्या सिरिंजा त्या वर्षी सर्वांत जास्त चालल्या त्या वीजखात्याच्या कृपेने. ज्यांना हात रंगवायचे नसत त्यांच्यासाठी झेरॉक्सवाले होतेच. शंभर-दीडशे रुपयांत भरून देत, फक्त आत कोणती शाई गेली हे विचारायचे नाही.

एप्सनची तऱ्हा वेगळी होती. तिथे छापणारे तोंड यंत्रात, कार्ट्रिज म्हणजे नुसती टाकी, वर शाई मोजणारी चिप. लोकांनी चिपला वळसा घालून यंत्राबाहेर बाटल्या ठेवल्या आणि बारीक नळ्यांनी शाई आत नेली. इंडोनेशियात हा उद्योग इतका बोकाळला, की एप्सनने २०१० मध्ये तिथेच टाकी बाहेर बसवलेला प्रिंटर स्वतः बाजारात आणला. पुढच्या वर्षी तो भारतात आला. सोबत ७० मिलिलिटरच्या बाटल्या आणि घरीच शाई भरायची रीतसर परवानगी. २०१६ पर्यंत कॅनन आणि एचपीलाही तसेच यंत्र काढावे लागले. त्याच २०१६ च्या सप्टेंबरात एचपीच्या काही ऑफिसजेट यंत्रांनी मात्र परक्या चिपची कार्ट्रिजे अचानक नाकारली, आणि गदारोळ झाल्यावर कंपनीला माफी मागावी लागली. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लेक्समार्क या प्रिंटर कंपनीच्या खटल्यात सांगितले की एकदा विकलेल्या कार्ट्रिजवर कंपनीचा पेटंटचा हक्क उरत नाही. तंजावरात या निकालाची बातमी कोणी मुद्दाम वाचली नसेल. इथे तो केव्हाच लागला होता.

आता नव्या घरांत टाकीवालेच प्रिंटर दिसतात. यंत्र महाग, शाई स्वस्त. जुना धंदा उलटा झाला, आणि तो उलटायला लावणाऱ्यांत ही रविवारची मंडळी होती. त्यांना कोणी श्रेय दिले नाही. त्यांनी मागितलेही नाही. नव्या यंत्रातही त्यांना करण्याजोगे सापडले आहेच. तोंड साफ करताना सांडणारी शाई तळाशी एका जाड पॅडमध्ये मुरते, आणि पॅड भरले असे आकड्यांनी ठरले की यंत्र काम थांबवते, सर्व्हिस सेंटरला न्या म्हणते. लोकांनी पॅडकडे शाई नेणारी नळी बाहेर काढून सलाईनच्या रिकाम्या बाटलीत सोडली आहे, आणि आकडा शून्यावर आणणारे सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरून एका घरातून दुसऱ्या घरात जाते.